माझी पाठ आणि बाबांचा नवस

तिशी ओलांडलेला माणूस धावायला लागला की आमच्या गावात दोनच निष्कर्ष निघतात. एकतर डॉक्टरनं त्याला साखर सांगितलीय, नाहीतर त्याचं घरात बायकोशी वाजलंय. मी सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावातून पाठीवर वाळूची पिशवी घेऊन पळायला लागलो तेव्हा तिसराही निष्कर्ष निघाला. याला सैन्यातून काढलाय, डोक्यावर परिणाम झालाय, जास्त बोलू नका. त्यामुळे सुट्टीतले पहिले काही दिवस मला फार शांततेत गेले. समोरून येणारा माणूस मला बघून बांधावरून उतरून शेतातून जायचा.

मला सैन्यातून कोणी काढलं नव्हतं. पण सैन्यात मी काय करतो हे मी गावाला कधी नीट सांगितलंही नव्हतं. मी रेशन स्टोअरला आहे. बटाटे मोजून घ्यायचे, डाळ मोजून द्यायची, अंड्यांचा ट्रे फुटला तर आधी स्वतः ओरडायचं म्हणजे दुसरा ओरडत नाही, ही माझी देशसेवा. भरती झालो तेव्हापासून मी हेच करतोय. सुट्टीत आलो आणि नेमका झेंडावंदनाचा दिवस पडला की गावच्या शाळेत मला बोलावतात. शाल देतात, नारळ देतात, आणि कोणीतरी पुढारी माइक हातात घेऊन म्हणतो, हा आपला पोरगा सीमेवर छातीचा कोट करून उभा आहे. बटाट्यांच्या गोण्यांपुढे छातीचा कोट करून उभा राहिलेला माणूस मान खाली घालून शाल घेतो. लोकांना वाटतं, काय विनय आहे.

ती शाल मला चावायची. म्हणून मी कमांडोच्या निवडीसाठी अर्ज केला. लोकांना वाटतं कमांडो म्हणजे वेगळी भरती असते. तसं नसतं. आधीच सैन्यात असलेला जवान स्वखुशीनं नाव देतो, मग काही महिने त्याला अक्षरशः पिदडतात, आणि टिकला तर ठेवतात. नाही टिकला तर परत आपल्या युनिटला, आपल्या बटाट्यांकडे. त्या वर्षी गेलो नसतो तर पुढच्या वर्षी माझं वय बसत नव्हतं. साहेबांनी अर्ज वाचला, माझ्या पोटाकडे बघितलं आणि पुन्हा अर्ज वाचला. सही करताना त्यांनी हसू दाबलं ते मला दिसलं. तयारीसाठी साठलेली सगळी सुट्टी एकदम मागितली, तीही मिळाली. स्टोअरमधल्या एकानं जाताना विचारलं, परत कधी येताय ते सांगा, तुमचं कपाट कोणाला देत नाही. असले जिवलग मित्र.

गावात कारण कळलं तेव्हा शांतता संपली आणि सल्ले सुरू झाले. ज्यांनी आयुष्यात बसथांब्यापलीकडे पाऊल उचललं नाही ते मला श्वास कसा घ्यायचा ते सांगायला लागले. एकानं गावठी कोंबडीची कच्ची अंडी सांगितली, आणि त्याच्याच घरी कोंबड्या होत्या हा योगायोग. दुसऱ्यानं नाचणीची आंबील सांगितली. तिसरा म्हणाला, "आता कशाला रे झटतोस? पेन्शन आली जवळ. गप पड ना." हा तिसरा माणूस स्वतः गप पडूनच या वयाला पोचला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्याला अनुभवाचं वजन होतं.

शहापूरला एक भरती अकॅडमी आहे. अकॅडमी म्हणजे भाड्यानं घेतलेलं शेत, त्यात चुन्यानं आखलेला गोल, एक पत्र्याची शेड आणि एक लोंबता दोरखंड. मला त्या दोरखंडाशी काम होतं. दोर चढणं मला भरती झाल्यापासून जमत नव्हतं आणि निवडीत ते पहिल्याच आठवड्यात करायला लावतात. गावात दोर बांधायला झाडं पुष्कळ होती, पण माझ्यासारख्या माणसानं झाडाला दोर बांधलेला बघून लोक भलतंच समजले असते. म्हणून मी मोटारसायकल काढली आणि शहापूर गाठलं.

तिथल्या सरांच्या अंगात चट्ट्यापट्ट्यांचा गणवेश होता. डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात शिट्टी. हा गृहस्थ स्वतः तीनदा भरतीत बाद झालेला, हे मला तिथल्याच पोरांनी सांगितलं. त्यानं मला बघितलं आणि अगदी आदरानं विचारलं, "काका, मुलाचं ॲडमिशन का?" मी म्हटलं, माझंच. मग खरी हकीकत सांगितली. गॉगल वर गेला, डोळे चमकले, आणि पुढच्याच वाक्याला त्यानं माझा फोटो मागितला. अकॅडमीचा कमांडो म्हणून रस्त्यावर फ्लेक्स लावणार होता. मी म्हटलं, अजून निवड व्हायचीय. तो म्हणाला, "सर, पॉझिटिव्ह राहायचं." मी फोटो दिला नाही. त्या दिवसापासून 'सर' गेलं आणि मी पुन्हा काका झालो. दोराला लटकलो की हा खालून शिट्टी मारून ओरडायचा, "काका, कंबर उचला, कंबर!" आजूबाजूची पोरं हसायची. मी त्या हसण्यावर दोर चढायला शिकलो. त्याच्या शिकवण्यानं नाही.

दोर शहापूरला आणि चढ घरापाशी. युरियाच्या रिकाम्या गोणीत ओढ्यातली वाळू भरायची, गोणी सैन्याच्या जुन्या पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, कोंबायची आणि सिद्धगडाच्या माचीपर्यंत जायचं. पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाटेत बसलो आणि ओकलो. माझ्यापुढून डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन वाडीवरच्या बायका उतरून गेल्या. त्यांनी थांबून विचारलं, "काय बाधलं काय?" मी हो म्हटलं.

शनिवार-रविवारी मुंबईचे ट्रेकर यायचे. यांच्याइतकी विनोदी जमात मी सैन्यातही बघितली नाही. दोन्ही हातांत काठ्या, डोक्यावर मागून पडदा असलेली टोपी, कमरेला बाटली, आणि दर वळणावर दरीकडे पाठ करून फोटो. यांच्यातल्या एका बाईनं मला पिठ्ठू घेऊन चढताना पाहिलं आणि हिंदीत विचारलं, भैया, हमारा सामान भी ले लोगे क्या, कितना लेते हो? मी मराठीत सांगितलं की माझ्या पिशवीत वाळू आहे. ती मराठीच निघाली. म्हणाली, "अय्या, वर बांधकाम चाललंय का?" मी पुढे चाललो. त्या दिवशी मी माचीपर्यंत न थांबता पोचलो, रागाच्या भरात.

असं करता करता पोट गेलं. पिठ्ठूचे पट्टे खांद्याला घासून आधी फोड आले, मग तिथलं कातडं घट्ट झालं. पाठीच्या मधोमध ओझं कसं बसवायचं ते अंगाला कळलं. उतरताना गुडघे कुरकुरायचे, पण मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला कौतुक पाठीचं होतं. ती पाठ मी बनवली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला स्वतःचं काहीतरी आवडायला लागलं होतं.

बाबा हे सगळं ओट्यावर बसून बघायचे. माझ्या वडिलांचा स्वभाव असा की दिवसात जितक्या वेळा मशेरी लावतील तितकीसुद्धा वाक्यं बोलायची नाहीत. भातशेती करायची, काढणी झाली की ओट्यावर बसायचं. दोन वर्षांपूर्वी आई गेल्यावर तर जेवणाला 'आणखी नको' एवढंच बोलणं उरलं होतं. एक दिवस मी ओट्यापुढे पिठ्ठू टाकला, शर्ट काढून पिळायला लागलो, तर ते उठून आले आणि माझ्या पाठीवर अंगठा दाबून बघायला लागले. बैल घेताना हात फिरवतात तसे. मग म्हणाले, "झाली तयार. आता म्हशाला जावू."

म्हशाची जत्रा म्हणजे त्या गावच्या म्हसोबाची, पौषातली. बैलबाजार भरतो, घोंगड्या-ब्लँकेटं मिळतात. मला वाटलं, म्हातारा खूश आहे, जत्रेला फिरायला चल म्हणतोय. मी म्हटलं, जाऊ की. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि म्हणाले, तुझ्या पाठीला गळ लावायचाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. म्हशाला नवस फेडायला काही जण पाठीच्या कातडीत लोखंडी गळ अडकवून घेतात. देवाचं नाव घेतात, जखमेला भंडारा लावतात, आणि लोक शपथेवर सांगतात की रक्त येत नाही. मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून ते बघितलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते. माझ्या भरतीच्या वेळी बाबांनी म्हसोबाला बोलून ठेवलं होतं की पोरगा सैन्यात लागला तर त्याच्या पाठीला गळ लावीन. स्वतःच्या नाही, माझ्या. मला न विचारता. मी तेव्हा मैदानावर पळत होतो आणि इकडे बाप माझी पाठ देऊन बसला होता. पुढे दर वर्षी जत्रेच्या वेळी मी कुठल्यातरी छावणीत बटाटे मोजत असायचो, त्यामुळे विषय टळत गेला. या वर्षी पहिल्यांदाच मी पौषात घरी होतो. आणि निवडीला हजर व्हायची तारीख जत्रेनंतर दोन आठवड्यांवर होती.

मी समजावलं. आधी शांतपणे. निवडीला गेल्या गेल्या मेडिकल होतं, पाठीवर ताजी जखम दिसली तर डॉक्टर दारातूनच परत पाठवेल. समजा नाही पाठवलं, तर त्याच जागेवर दिवसभर पिठ्ठू घासणार. जखम चिघळली की खेळ खलास. ही शेवटची संधी आहे, पुढच्या वर्षी घेऊन जा, दोन गळ लावा. बाबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "पुढच्या वर्षाला सुट्टी भेटंल काय?" भेटणार नव्हती. आम्हा दोघांना ते माहीत होतं.

मग मी शांतपणा सोडला. म्हटलं, देव काय वसुलीवाला आहे का? इतकी वर्षं थांबला, अजून थांबेल. म्हटलं, सौदा तुम्ही केलात, माल माझा. मला असली वाक्यं त्या काळात भराभर सुचायची. बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "थांबला नाय तो. तुझी आय का गेली मंग?"

आईला साखर होती. गोळ्या डब्यात ठेवायची आणि जत्रेतली मिठाई पदराआड खायची. पायाला जखम झाली, ती दाखवली नाही, आणि त्यातच गेली. हे मला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, आणि बाबांनाही माहीत होतं असं मी धरून चाललो होतो. दोन वर्षं हा माणूस ओट्यावर बसून दुसराच हिशेब करत होता. मला त्याची कीव यायला हवी होती. मला संताप आला. मी म्हटलं, तुमच्या अडाणीपणापायी मी परत गोण्या मोजायला जाणार नाही. मी त्यांना कधी अडाणी म्हटलं नव्हतं.

माझी बायको हे सगळं भाकऱ्या थापत ऐकत होती. ती मुरबाडला कारखान्यात पॅकिंगला जाते, दिवसभर उभी असते, आणि संध्याकाळी आम्हा बापलेकांचा हा तमाशा तिला रोज फुकटात बघायला मिळत होता. माझ्या कमांडो होण्याबद्दल तिचं मत एका वाक्याचं होतं: "पगार वाढतो म्हंजे बरं." त्या संध्याकाळी तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मागं न बघता म्हणाली, "बाबा, नवस बोललं कोन? तुमी. मंग तोंड तुमचं आन् पाठ यांची, असं कसं? तुमचीच पाठ दाखवा ना देवाला."

मी मोठ्यानं हसलो. इतकं फिट्ट उत्तर मला सुचलं नव्हतं याचं वाईटही वाटलं. बाबा जेवले, 'आणखी नको' म्हणाले, हात धुतले. विषय मिटला असं मी समजलो, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चढावर गेलो.

जत्रेच्या दिवशी ते पांढरा सदरा घालून तयार बसले होते. मला म्हणाले, "गाडीवर सोड नुसता." मी विचारलं, ब्लँकेट घ्यायचंय का? ते हो म्हणाले. बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला माझ्याआधी कळलं होतं, कारण ती म्हणाली, "मी आज खाडा करते. मी पन येते." आम्ही तिघं एका मोटारसायकलवर म्हशाला गेलो.

गर्दीतून बाबा सरळ देवळाकडे चालायला लागले. बैलांकडे नाही, ब्लँकेटांकडे नाही. मी मागून हाका मारत होतो. देवळासमोर पोचल्यावर त्यांनी सदरा काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. सत्तरीला आलेल्या माणसाची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. मणका न् मणका दिसत होता, आणि दोन्ही खांद्यांवर ओझ्यानं काळे पडलेले पट्टे होते. माझ्या खांद्यांवर नुकतेच उठले होते तसेच, फक्त हे जन्मभराचे.

बायको पुढे होऊन म्हणाली, "बाबा, मी रागात बोलले वो. चला घरी." ते म्हणाले, "तू बरोबर बोललीस पोरी. मला आधी सुचायला पायजे व्हतं." मी त्यांचा दंड धरला. इतके दिवस दोर चढून बनवलेला हात होता माझा. त्यांनी तो नुसता बाजूला केला आणि म्हणाले, "तुला पिशी उचलायची हाय. तू लांब ऱ्हा."

लोक म्हणतात रक्त येत नाही. थोडं आलं. मी या वेळी डोळे मिटले नाहीत. आजूबाजूचे लोक देवाच्या नावानं ओरडत होते, मोबाइल वर धरून शूटिंग करत होते, आणि मी सदरा छातीशी धरून उभा होतो. मला त्या लोकांचा राग आला, देवाचा आला, बायकोचा आला. बाबांच्या तोंडून आवाज निघाला नाही. गळ काढल्यावर भंडारा लावला, तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चल, ब्लँकेट बघू."

पुढचे दोन आठवडे ते पालथे झोपले. बायको रोज जखम धुवायची, मी डॉक्टरला घेऊन आलो तेव्हा बाबांनी नाक मुरडलं पण इंजेक्शन घेतलं. मी अडाणी हा शब्द परत घेतला नाही. कसा घ्यायचा ते कळलं नाही. निघायच्या दिवशी पाया पडलो तर म्हणाले, "नीट जा."

निवडीतलं सगळं सांगत बसत नाही. ज्यांना कमांडोंच्या गोष्टी आवडतात त्यांच्यासाठी बाजारात पुष्कळ माल आहे. मी एवढंच बघितलं की विशीतली पोरं आपल्याला पिदडतात आणि आपल्याला चाचा म्हणतात. मेडिकलला डॉक्टरनं माझी पाठ बघितली आणि पुढे जा म्हणाला. दोर मी चढलो. पिठ्ठूखाली पाठ शेवटपर्यंत हूं की चूं न करता राहिली. तिसऱ्या आठवड्यात एका लांबच्या चालीत उजवा गुडघा सुजला आणि वाकेना. मी सोडणार नाही म्हणून अडून बसलो. डॉक्टरनं माझं मत विचारलं नाही. मला गाडीत टाकलं आणि युनिटला परत पाठवलं. स्टोअरमधलं कपाट खरंच कोणाला दिलं नव्हतं.

घरी फोन करायला मला आठवडा लागला. बायकोला सांगता आलं असतं, पण मुद्दाम म्हटलं, बाबांना दे. मला वाटत होतं की आता ते बोलतील ते मी ऐकून घ्यायला हवं. मी सांगितलं, नाही झालं, गुडघा सुजला, परत पाठवलं. आणि मग जे सांगायचं नव्हतं तेही तोंडातून गेलं, की बाबा, तुमची पाठ फुकट गेली.

 

"फुकट कशी?" बाबा म्हणाले. "नवस तुझ्या भरतीचा व्हता. तू झालास भरती, कवाच. या कमांडोचं मी देवाला कायबी बोललो नव्हतो."

मी स्टोअरमध्ये गोण्यांच्या मागे उभा होतो. बाहेर कोणीतरी माझ्या नावानं ओरडत होतं, डाळ द्यायची होती. मला रडू फुटलं आणि मी ते फोनवर लपवायच्या भानगडीत पडलो नाही.

"बाबा, पाठ कशी आहे?" मी विचारलं.

"उताना झोपता येत नाय अजून," ते म्हणाले. "त्ये ऱ्हाऊ दे. गुडघ्याचं बोल."

मग मी त्यांना गुडघ्याचं सगळं सांगितलं.